एक, अकरा, एकवीस

दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. सांगलीत दोन खोल्यांत आम्ही संकलनाचं सॉफ्टवेअर बनवायला लागलो, तेव्हा या तारखा माझ्या झोपेवर उठतील हे ठाऊक नव्हतं. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) यांवरून रक्कम काढायची, उचल आणि पशुखाद्य वजा करायचं, आणि सकाळचं दूध यायच्या आत पावत्या तयार. सुरुवातीला मी रात्री दोनला उठून लिनक्स सर्व्हरवर हातानं स्क्रिप्ट चालवायचो. एकदा मध्येच नेट गेलं, टर्मिनल तुटलं आणि बिलही निम्म्यात मेलं. तेव्हा नोहप ही कमांड शिकलो. जोडणी तुटली तरी काम मागे चालू राहतं. पण उठणं काही सुटलं नाही.

मग क्रॉन, म्हणजे लिनक्सवर ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय. ओळीत पाच खाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. इतकं सोपं, की लगेच फसलो. रविवारी बँक बंद, म्हणून तारखेत १, ११, २१ आणि वारात सोमवार ते शनिवार लिहिलं. रविवारचं सोमवारी हातानं काढू म्हटलं. पण दोन्ही खाने भरले की क्रॉन दोहोंपैकी एक जुळलं तरी काम चालवतो. रविवार सोडून रोज पहाटे बिलं निघाली, सभासदांना मेसेजही गेले. एका सचिवांचा फोन आला, "साहेब, रोज पैसे देणार असाल तर आमची काही हरकत नाही!" आता वाराच्या खान्यात नुसता स्टार, म्हणजे 'कुठलाही वार', असतो, आणि रविवार आला तर बँकेची यादी स्क्रिप्टच सोमवारपर्यंत रोखून धरते.

क्लाउडवर गेलो तर तिथलं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर. पहाटे अडीचचं काम आपल्या सकाळी आठला सुरू झालं, ऐन गर्दीत. किटल्या घेऊन माणसं रांगेत, आणि पडद्यावर नुसतं चक्र. आमच्या पोरानं वेळ रात्री नऊची केली, तर बिल दोन तारखेला निघालं. यूटीसीतली एक तारखेची रात्र म्हणजे आपली दोनची पहाट. शेवटी सर्व्हरच भारतीय वेळेवर आणला. त्यानंतर क्रॉन पुन्हा सुरू करावा लागतो, नाहीतर तो जुन्याच वेळेनं चालतो, हेही एक बिल चुकल्यावर कळलं.

सगळ्यात महाग पडलं ते एक अक्षर. क्रॉनटॅब ही क्रॉनच्या कामांची यादी सांभाळणारी कमांड. तिला ई दिलं की यादी संपादनाला उघडते, आर दिलं की काही न विचारता पुसली जाते. कीबोर्डवर दोन्ही शेजारी. चूक माझीच. चार दिवस कुणाला पत्ताही नाही, कारण जे काम चाललंच नाही ते एररही देत नाही. बॅकअपचं फोल्डर सहज उघडलं म्हणून कळलं. आता ती यादी गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत, असते, आणि ठरल्या वेळेत 'झालं' असा निरोप आला नाही तर दुसरं मशीन मला उठवतं.

गावातल्या संस्थांचं दुखणं वेगळं. लोडशेडिंग, नाहीतर सचिव जाताना बटण बंद करून जातात. मशीन बंद असताना हुकलेलं काम क्रॉन नंतर करत नाही. तिथे आम्ही सिस्टिमडीचे (लिनक्समधली कामं सुरू-बंद करणारी व्यवस्था) टायमर लावले; त्यातला पर्सिस्टंट हा पर्याय चालू ठेवला की मशीन उठल्यावर राहिलेलं काम आधी उरकतं.

दिवाळीचा दरफरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावर सभासदांना मिळणारी वाढीव रक्कम, मात्र अजून घाम काढतो. वर्षभराचं दूध मोजायचं, एक फेरी संपेपर्यंत दुसरीची वेळ होते. एकदा दोन्ही एकदम चालल्या आणि काही सभासदांना फरक दुप्पट लागला. तेव्हापासून फ्लॉक या कमांडचं कुलूप: पहिली फेरी आत असेल तर दुसरी दारातूनच परत. तीन जुन्या संस्थांत ते अजून लावायचं राहिलंय. नवरात्राच्या आत उरकायला हवं.