तुम्ही विचारलंत म्हणून: नेट बंद केलं तर आकाश किती उरतं?

"अंतराळात भटकायची एखादी गेम घ्यायची आहे. घरच्या नेटचा भरवसा नाही आणि अनोळखी लोकांची कटकटही नको. ऑफलाइन खेळलं तर काय काय हुकतं?" हा प्रश्न फिरून फिरून येतो. त्याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण त्यात दोन प्रश्न एकात एक अडकलेत. तुम्हाला एकट्यानं खेळायचंय, की नेटशिवाय खेळायचंय? माणसं नकोत म्हणून 'सोलो' बघून गेम घेतली आणि गावी गेल्यावर ती उघडलीच नाही, असं होतं ते या दोन गोष्टी एक धरल्यामुळे.

घेण्याआधी विचारायची गोष्ट वेगळीच आहे: या गेममधली सृष्टी बनते कुठे आणि तिची वही, म्हणजे तिथल्या घडामोडींची नोंद, कोणाकडे असते?

'नो मॅन्स स्काय'पासून सुरू करू. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या हॅलो गेम्सनं ती ऑगस्ट २०१६ मध्ये आणली. तिच्यातल्या ग्रहांची संख्या दोनाचा चौसष्टावा घात, म्हणजे साधारण अठरावर अठरा शून्यं. एवढे ग्रह कुठल्याच सर्व्हरवर साठवलेले नाहीत आणि तुमच्या डिस्कवरही नाहीत. डिस्कवर आहे ती फक्त पाककृती. प्रत्येक ग्रहाचं एक बी असतं, एक आकडा. तुम्ही जवळ गेलात की तुमचाच संगणक त्या आकड्यावरून डोंगर, झाडं, प्राणी, आकाशाचा रंग तिथल्या तिथे रचतो आणि तुम्ही निघून गेलात की विसरून जातो. बी तेच असल्यामुळे पुण्यात आणि टोरांटोत तोच ग्रह उगवतो. वायरीतून ग्रह येत नाही.

गेम आली तेव्हा पहिल्याच दिवसांत दोन खेळाडू ठरवून एका ग्रहावर, एकाच जागी जाऊन उभे राहिले आणि एकमेकांना दिसले नाहीत. तेव्हा मोठी ओरड झाली, आणि ती रास्तच होती, कारण लोकांची समजूत वेगळी करून दिली गेली होती. पण त्या प्रसंगानं यंत्रणा छान उघडी पाडली. दोघं आपापल्या यंत्रानं रचलेल्या, हुबेहूब सारख्या दोन ग्रहांवर उभे होते. सामायिक होती ती फक्त खेळाडूंनी आपल्या शोधांना दिलेली नावं. माणसं नंतर आली: २०१७ मध्ये तरंगत्या प्रकाशगोळ्यांच्या रूपात, २०१८ च्या 'नेक्स्ट' अपडेटनंतर खरीखुरी, आणि २०१९ च्या 'बियॉन्ड'नंतर अॅनॉमली नावाच्या स्थानकात घोळक्यानं.

म्हणजे नेट काढलं तर काय जातं? दुसऱ्यांनी बांधलेली घरं दिसत नाहीत. अॅनॉमलीत गर्दी नसते, पण तिथले दुकानदार आणि तंत्रज्ञान विकणारे जागेवर असतात. ठरावीक मुदतीच्या एक्स्पिडिशन्स, म्हणजे मोहिमा, सुरू करायला नेट लागतं, कारण त्यांचा आराखडाच वरून येतो. बाकी मुख्य कथा, जहाजं, मालवाहू ताफा, घर बांधणं, व्यापार, या आकाशगंगेतून त्या आकाशगंगेत जाणं हे सगळं नेट नसलं तरी चालतं. आणि नेट आहे पण माणसं नकोत, अशी स्थिती असेल तर पर्यायांतल्या नेटवर्कच्या पानावर मल्टिप्लेअर बंद करा. तिथेच तुमच्या घरात कोणी फेरफार करायचे आणि तुमच्यावर कोणी गोळी झाडू शकतं, याच्याही वेगळ्या सेटिंग्ज आहेत. मल्टिप्लेअर चालू ठेवणाऱ्यानं आधी त्या बघाव्यात. बरेच जण घराचा नक्षा कुणीतरी बिघडवल्यावर बघतात.

आता यातली सगळ्यात मजेची गोष्ट. मित्रानं एक फोटो पाठवला: लाल गवत, दोन चंद्र, लांब मानेचा प्राणी. फोटो गेमच्या फोटो मोडमध्ये काढलेला असेल तर खालच्या कोपऱ्यात बारा चिन्हांची ओळ असते. तो त्या ग्रहाचा पत्ता. चिन्हं एकूण सोळा प्रकारची. पहिलं चिन्ह ग्रहमालेतला कितवा ग्रह ते सांगतं, पुढची तीन कुठला तारा ते, आणि उरलेली आठ तो तारा आकाशगंगेच्या कुठल्या भागात आहे ते. तुमच्याकडची सोळाही चिन्हं जमलेली असतील, तर कुठल्याही ग्रहावरच्या पोर्टलपाशी जाऊन ही बारा ओळीनं दाबायची. नेट बंद असलं तरी दार उघडतं आणि पलीकडे तेच लाल गवत, तेच दोन चंद्र, त्याच मानेचा प्राणी असतो. फोटो तेवढा कुणाच्या तरी नेटवरून आलेला असतो.

हे जमलं नाही तर दोन कारणं बघा. एक, आकाशगंगा. गेममध्ये अशा २५५ आहेत, पत्ता सगळीकडे चालतो, पण पोर्टल तुम्हाला एका आकाशगंगेतून दुसरीत नेत नाही. मित्र पहिल्या आकाशगंगेत, युक्लिडमध्ये असेल आणि तुम्ही दुसरीत, तर तुम्ही त्याच क्रमांकाच्या भलत्याच घरात शिराल. दुसरं कारण म्हणजे आवृत्ती, आणि ते जास्त फसवं. बी तेच राहतं, पण पाककृती बदलली की पीक बदलतं. 'नेक्स्ट'च्या वेळी ग्रहांची रचना इतकी बदलली की लोकांची जुनी घरं ओळखू न येणाऱ्या जमिनीवर जाऊन बसली. म्हणून तुम्ही अपडेट न करता ऑफलाइन खेळत असाल आणि मित्र ताज्या आवृत्तीवर असेल, तर बाराही चिन्हं बरोबर टाकून समोर वेगळं दृश्य येऊ शकतं. एखादा ग्रह फारच जीव लावणारा असेल आणि तो आहे तसाच हवा असेल, तर स्टीममध्ये (पीसीवर गेम विकत घ्यायच्या आणि उघडायच्या अॅपमध्ये) त्या गेमचं अपडेट 'गेम सुरू करताना' असं ठेवा आणि गेम ऑफलाइन मोडमध्येच उघडत राहा. अर्थात मग नव्या गोष्टीही येणार नाहीत.

एका तक्रारीत मात्र नेटचा काही संबंध नसतो, तरी तिचं खापर नेटवरच फुटतं: "डोंगर पोखरून घर केलं, चार दिवसांनी परत आलो तर आत माती भरलेली." तुम्ही केलेली खोदाई सेव्हमध्ये, म्हणजे तुमचा खेळ जपून ठेवणाऱ्या फाइलमध्ये, नोंदवली जाते आणि त्या नोंदीला जागा मर्यादित आहे. नवीन ठिकाणी खणत गेलात की जुन्या नोंदी पुसल्या जातात, मग यंत्र पुन्हा पाककृतीकडे बघतं आणि डोंगर होता तसा उभा करतं. ऑनलाइन असा की ऑफलाइन, हे होणारच. उपाय जुनाच: पाया जमिनीच्या वर घ्या, तळघर करायचंच असेल तर नैसर्गिक गुहा शोधा.

प्रवासाआधीची तयारी पीसीवर थोडी आहे, पण वगळू नका. गेम पूर्ण अपडेट होऊ द्या, नेट चालू असताना एकदा आत जाऊन तुमचा सेव्ह उघडा, बाहेर या, मग स्टीमच्या मेनूतून ऑफलाइन जा आणि वायफाय बंद करून पुन्हा उघडून बघा. सेव्हची नक्कल हवी. विंडोजच्या अॅपडेटा फोल्डरात हॅलोगेम्स, त्यात एनएमएस, त्यात 'एसटी' नं सुरू होणारं फोल्डर असतं. ते अख्खं उचलून पेनड्राइव्हवर टाका. एकेक फाइल वेचू नका, कारण प्रत्येक सेव्हच्या जोडीला त्याची माहिती ठेवणारी दुसरी फाइल असते आणि दोघींची ताटातूट झाली की सेव्ह उघडायला कुरकुर करतो. परत नेटवर आल्यावर स्टीम विचारेल, इथला सेव्ह ठेवू की क्लाउडवरचा? तारीख आणि वेळ वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही. इथे घाई करून लोकांनी आठवड्याचे आठवडे घालवलेत.

आता दुसरं टोक: 'एलिट डेंजरस'. केंब्रिजच्या फ्रंटिअर डेव्हलपमेंट्सची, डिसेंबर २०१४ ची गेम. इथली आकाशगंगा आपलीच, खऱ्या मापाची, सुमारे ४०० अब्ज तारामालांची. हिचे ताराग्रहही सूत्रातूनच उगवतात. मग ही नेटशिवाय का चालत नाही?

कारण वही कंपनीकडे आहे. कुठल्या स्थानकावर सोन्याचा भाव काय, गेममधल्या कुठल्या राजकीय गटाचं वजन वाढलं, कुठे युद्ध पेटलं, तुमच्या खात्यात किती पैसे, जहाज कुठे उभं, हे सगळं सर्व्हरवर. २०१२ मध्ये लोकवर्गणी गोळा करताना नेटशिवाय एकट्यानं खेळता येईल असं सांगितलं गेलं होतं. गेम यायला जेमतेम महिना राहिला असताना, नोव्हेंबर २०१४ मध्ये, ते जमणार नाही असं जाहीर झालं. लोक भडकले, अनेकांनी पैसे परत मागितले. तांत्रिक कारण खरं होतं. ते इतक्या उशिरा सांगणं मात्र वाईटच.

तर एलिटमध्ये तीन दारं आहेत: ओपन (सगळ्यांसोबत), प्रायव्हेट ग्रुप (निवडक लोकांसोबत) आणि सोलो (एकट्यानं). सोलोत तुम्हाला एकही माणूस भेटत नाही. पण नेट गेलं की सोलोही बंद. गंमत म्हणजे सोलोत केलेलं कामही त्याच सामायिक वहीत चढतं. तुम्ही एकट्यानं गुपचूप एखाद्या गटाकडे माल पोचवलात तरी त्या गटाचं वजन सगळ्यांच्या आकाशात वाढतं. ओपनमध्ये नाकेबंदी करून बसलेल्यांना याचा फार राग येतो: ज्याला अडवायचं तो दिसतच नाही. मला त्यांची बाजू कळते, पण पटत नाही. एकटं राहायचा हक्क खेळाडूला असलाच पाहिजे.

शोध लावणाऱ्यांसाठी एक बारकावा. ताऱ्यावर 'प्रथम शोध' म्हणून तुमचं नाव लागतं ते तो पाहिल्यावर नाही, त्याची माहिती स्थानकावर विकल्यावर. सातबाऱ्यासारखंच आहे, कसता तुम्ही, पण नोंद झाली ती खरी. तीन महिने भटकून गोळा केलेली माहिती विकण्याआधी जहाज फुटलं तर ती गेली. नेट तुटून मात्र ती जात नाही, कारण ती आधीच सर्व्हरवर असते. म्हणून लांबच्या सफरीवरून परतताना वस्तीजवळ आलात की सोलोत शिरा, माहिती विका, मग हवं तर ओपनमध्ये जा. वस्तीच्या आसपास थकून परतणाऱ्या जहाजांची शिकार करणारे लोक असतात, त्यांना आयतं सावज कशाला व्हायचं?

आणि तरीही याच गेममध्ये माणसांची सोबत कशी असावी याचा सगळ्यात चांगला नमुना सापडतो. फ्युएल रॅट्स नावाचा खेळाडूंचा गट इंधन संपलेल्यांना फुकट इंधन नेऊन देतो. इंधन संपतं ते बहुतेक एकाच चुकीनं. ताऱ्याजवळून स्कूपनं इंधन भरता येतं, पण ते ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम याच वर्गांच्या ताऱ्यांपाशी. नवखा माणूस एल, टी, वाय अशा तपकिरी बटूंच्या (मंद, थंड ताऱ्यांच्या) पट्ट्यात ओळीनं उड्या मारत जातो आणि टाकी कोरडी पडते. नकाशात ताऱ्यांचा वर्ग लावून गाळणी टाकली तर हे टळतं. टाकी संपली की जहाजाची एकेक यंत्रणा बंद पडते आणि आणीबाणीच्या ऑक्सिजनचं घड्याळ सुरू होतं. सगळ्यात स्वस्त प्राणवायू यंत्रावर ५ मिनिटं, सगळ्यात चांगल्यावर २५.

घड्याळ दिसलं की पहिलं काम: मुख्य मेनूत बाहेर पडा. घड्याळ तिथेच थांबतं. मग फ्युएल रॅट्सकडे मदत मागा. ते म्हणतील तसं त्यांची मैत्रीची विनंती स्वीकारायची, सांगितल्यावरच परत आत यायचं, त्यांना टीममध्ये घ्यायचं, बीकन (तुमची जागा दाखवणारा संकेत) लावायचा. पण इथे सोलोवाल्याची अडचण होते. सोलोत राहून हाक मारलीत तर कोणी येऊ शकत नाही, त्या आकाशात तुमच्याशिवाय कोणाला जागाच नाही. ओपनमध्ये किंवा सामायिक प्रायव्हेट ग्रुपमध्ये यावंच लागतं.

आल्यावरही रॅट्स दिसले नाहीत तर दोष राउटरच्या पलीकडे असू शकतो. एलिटमध्ये एकाच जागी असलेल्या खेळाडूंची यंत्रं एकमेकांशी थेट जोडली जातात. आपल्याकडे मोबाइल डेटावर, आणि पुष्कळशा ब्रॉडबँडवरही, अनेक घरांमध्ये मिळून बाहेरचा एकच आयपी पत्ता असतो. अशा वेळी राउटरमध्ये पोर्ट उघडूनही काही होत नाही, कारण कुलूप तुमच्या दारावर नसून गल्लीच्या तोंडाशी आहे. सेवा देणाऱ्याकडे वेगळा पब्लिक आयपी मागणं, हा खात्रीचा उपाय. सोलोत याची गरज नाही, तिथे बोलणं फक्त सर्व्हरशी असतं.

वही दुसऱ्याकडे असण्याची किंमत कन्सोलवाल्यांनी मोजली. मार्च २०२२ मध्ये कन्सोलवरचा पुढचा विकास थांबवल्याचं जाहीर झालं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आकाशगंगेच्या दोन वह्या झाल्या: पीसीची चालू, कन्सोलची जुनी. जुनीत खेळता येतं, पण पुढची कथा तिच्यात येत नाही.

तेव्हा दुकानाच्या पानावर 'सोलो' शब्द शोधत बसू नका. नेट सतत लागतं का, बाहेरच्या कंपनीचं वेगळं खातं लागतं का, ते तिथल्या बारीक अक्षरांत वाचा. तरी शंका उरली तर स्टीमवर गेम घ्या, एकदा ऑनलाइन उघडा, बंद करा, राउटरची वायर काढा आणि पुन्हा उघडा. नाही उघडली तर पैसे परत मागा. त्यासाठी खरेदीपासून १४ दिवस मिळतात, पण खेळलेला वेळ दोन तासांच्या आत हवा, म्हणून ही वायर काढायची चाचणी पहिल्याच संध्याकाळी उरका.