ओर्काच्या केबिनमध्ये लाइट लागला

रविवार, रात्र

आज माझ्या बोटीच्या मॉडेलमध्ये केबिनच्या खिडक्या बसल्या एकदाच्या. पातळ पारदर्शक शीट कापून प्रत्येक चौकटीत आतून चिकटवली, सुपरग्लू मुद्दाम टाळला कारण त्याच्या वाफेने शीटवर पांढरी धुरकट झाक येते, म्हणून साधा पांढरा गोंद काडीच्या टोकाने लावला आणि वाळेपर्यंत बाजूला बसून राहिलो. या बोटीत खिडक्या म्हणजे साधी गोष्ट नाही, म्हणून एवढं लिहितोय.

बोट म्हणजे ‘जॉज’मधली ओर्का, शार्क मारायला निघालेल्या क्विंट या कोळ्याची. 1975 चा स्पीलबर्गचा सिनेमा, बघितलेल्या कुणालाही विचारा तो शार्कबद्दलच बोलणार. मला मात्र सिनेमाच्या उत्तरार्धात बोटच दिसते, तीन माणसं आणि ही एक बोट, आजूबाजूला जमिनीचा पत्ता नाही. स्पीलबर्गला मागे किनारा दिसायलाच नको होता, म्हणून मॅसॅच्युसेट्समधल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळच्या खऱ्या समुद्रात शूटिंग केलं, कारण तिथे बरंच आत गेलं तरी पाणी उथळ आणि तळ वाळूचा, म्हणजे यांत्रिक शार्कची यंत्रणा तळावर ठेवता येते. पण तो शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, 55 दिवसांचं शूटिंग 159 दिवसांवर गेलं. मग शार्क दाखवता येत नसेल तर भीती दाखवायची कशातून, तर या बोटीतून. गळाचं रीळ टक टक करत हळूच फिरतं, शार्कला दोरीने अडकवलेलं पिवळं पिंप पाणी कापत येतं, तळाच्या फळ्या धक्क्याने उघडतात. शार्कचं निम्मं काम ओर्काने केलंय असं माझं ठाम मत आहे.

मूळची ती वॉरलॉक नावाची 42 फुटी लॉबस्टर पकडायची बोट. प्रॉडक्शन डिझायनर जो आल्व्हस यांनी तिला ओर्का केलं, डोलकाठी उभी केली, पुढे पाण्यावर निघालेली लांब फळी लावली जिच्या टोकाला उभं राहून क्विंट हार्पून मारतो, आणि केबिनच्या खिडक्या मोठ्या केल्या. त्या खिडक्यांमुळे आतल्या प्रत्येक शॉटमध्ये माणसाच्या मागे समुद्र दिसत राहतो, आत बसलात म्हणून सुटलात असं वाटूच देत नाही. मॉडेल बनवायला लागेपर्यंत हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मी 1:24 स्केल घेतलंय, म्हणजे 42 फुटांची बोट 21 इंच आणि सहा फुटी माणूस तीन इंचाचा. यापेक्षा लहान केली तर केबिनच्या आत काही करता येत नाही आणि मला तर आतलंच करायचंय. कणा आणि आडव्या फ्रेम प्लायच्या, त्यावर बासवुडच्या, म्हणजे हलक्या मऊ लाकडाच्या, पट्ट्या एकेक करून, पुढच्या टोकाला वळण जास्त म्हणून तिथल्या पट्ट्या भिजवून गरम इस्त्रीवर वाकवल्या. मापं सिनेमा पॉज करून करून काढलीत, माणूस कुठे उभाय, रेलिंग त्याच्या कुठपर्यंत येतं, असं.

यात खरी गोची अशी की ओर्का एक नव्हतीच. बुडवायच्या शॉटसाठी फायबरग्लासची दुसरी बनवली होती, इंजिन नसलेली, पाहिजे तेव्हा बुडवायची आणि परत वर काढायची. गंमत म्हणजे शूटिंगमध्ये जी अचानक बुडाली ती खरी ओर्का, नटांसकट आणि कॅमेऱ्यांसकट, आणि पाण्यात गेलेली ती फिल्म लॅबमध्ये नेऊन धुतली तर चित्र शाबूत निघालं!

त्यात आणखी बोट प्रत्येक सीनला थोडी थोडी मोडत जाते. निघताना नीटनेटकी, मग रात्री धक्के बसून फळ्या सुटतात, सकाळी क्विंट बॅट घेऊन रेडिओच फोडतो, दोर बांधलेले खुंटे शार्क उपटून नेतो, इंजिन जळतं आणि शेवटी मागची बाजूच खाली जाते आणि बोटीवरचा पोलीसप्रमुख ब्रॉडी डोलकाठीवर चढलेला. त्यामुळे मॉडेल करणाऱ्याला आधी ठरवावं लागतं, कितव्या मिनिटाची ओर्का. बहुतेक जण शेवटची करतात, अर्धी बुडालेली, शार्क वर चढलेला. चांगली दिसते, नाही म्हणत नाही.

मी ती रात्र घेतलीय. केबिनमध्ये तिघं पितायत, जखमांचे वण दाखवतायत, आणि मग क्विंट इंडियानापोलिस या अमेरिकन युद्धनौकेची गोष्ट सांगतो. सिनेमात तो तारीख जूनची सांगतो, खरी घटना 30 जुलै 1945 ची, जपानी पाणबुडीने ती युद्धनौका बुडवली, सुमारे 1,200 जणांपैकी 316च वाचले, बाकीचे कित्येक जण दिवसेंदिवस पाण्यात तरंगत तहानेने, उन्हाने, शार्कमुळे गेले. क्विंट झालेला रॉबर्ट शॉ हे जवळजवळ न हलता सांगतो आणि बोट नुसती डुलत असते. अख्ख्या सिनेमात मला याहून जास्त भीती कुठे वाटत नाही. म्हणून माझी ओर्का अजून बुडालेली नाही, फळ्या जागेवर आहेत, फक्त आत दिवा आहे.

तो दिवाही आज लावला. वॉर्म व्हाइट एलईडी, वायर कण्यातल्या खाचेतून खाली स्टँडमध्ये. केबिन आतून आधी काळी रंगवून मग वरून क्रीम रंग दिलाय, नाहीतर पातळ प्लायमधून उजेड झिरपतो आणि सगळं प्लास्टिकचं खेळणं वाटतं. माणसं ठेवणार नाही, नऊ-दहा मिलिमीटरच्या डोक्यात शॉचा चेहरा मला आणता येणार नाही आणि दुसरं कुणी तिथे बसलेलं मला चालणार नाही. टेबल, बाकं, दोन-तीन कप, एवढंच.

भाचा आला होता संध्याकाळी, खिडकीला डोळा लावून बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, मामा, शार्क कुठाय? म्हटलं बाहेर आहे. त्याने लगेच स्टँडच्या खाली वाकून बघितलं, मला फार आवडलं ते.

खऱ्या दोन्हींपैकी आज एकही नाही. पहिली विकली गेली, मग स्टुडिओने परत घेऊन लॉस एंजेलिसच्या आपल्या स्टुडिओ टूरमध्ये पाण्यात ठेवली, तिथे ती कुजली आणि नव्वदच्या दशकात तोडून टाकली. दुसरीचा सांगाडा त्याच बेटावरच्या मेनेम्शाच्या किनाऱ्यावर पडून होता, आठवण म्हणून लोकांनी तुकडे कापून कापून नेला. याचा मला खरंच राग येतो, पहिलीचा जास्त. इतकी ओळखीची बोट, छपराखाली ठेवली असती तर टिकली असती.

आता राहिली पिंपं. रंग उद्या, पिवळ्यावर पातळ तपकिरी वॉश, कडांना थोडा जास्त. आणि डेकवर एक पिंप कमी ठेवायचं, कारण त्या रात्रीच्या आधी संध्याकाळीच क्विंटने पहिलं पिंप शार्कला अडकवलेलं असतं. तिथे गुंडाळलेली दोरी नको, पिंपाचा नुसता गोल ओरखडा पाहिजे.