साँचो कोसँग छ? नांगीच्या वाटेवरचे सहा दिवस

नांगी हे नेपाळच्या डोंगरातलं गाव, आणि वाट बेनीवरून. पोखऱ्याहून बेनीचं अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. पण तो दिवस प्रवासातच गेला असं समजूनच निघा. मी आधी एकदा दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो आणि फसलो होतो, कारण तेव्हा तिकडे तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, असतो आणि शाळांना कुलूप. यंदा मे महिन्यात गेलो. नेपाळचं शालेय वर्ष वैशाखात सुरू होतं, त्यामुळे वर्ग भरलेले मिळाले. शनिवारी मात्र शाळेत जाऊ नका, सुट्टी असते.

मला बघायचं होतं ते एवढंच: परदेशातून शिकवायला आलेले स्वयंसेवक गावात जे उभं करून जातात, त्याचं पुढे काय होतं?

वाटेतल्या एका शाळेत (नाव मुद्दाम देत नाही) उत्तर लगेच मिळालं. कोणा स्वयंसेवकांनी ग्रंथालय थाटून दिलेलं. छान कपाटं, इंग्रजी पुस्तकं आणि भलंमोठं कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे होती त्या शिक्षकांची बदली झाली होती. खिडकीतून बघितलं तर पुस्तकं अगदी कोरी दिसत होती. त्याच शाळेच्या व्हरांड्यात मात्र जगाचा नकाशा रंगवलेला होता. चौकटी आखून भिंतीवर नकाशा काढण्याची ही कल्पना १९८८ मध्ये बार्बरा जो व्हाइट या पीस कोरच्या (अमेरिकी सरकारची परदेशी स्वयंसेवक पाठवणारी संस्था) स्वयंसेविकेने डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सुरू केली. रंग आणि ब्रश हाती असले की मुलं एकेक चौकट उतरवत जातात, चित्रकार लागत नाही. इथल्या नकाशात दक्षिण सुदान नव्हता. तो देश २०११ चा, म्हणजे नकाशा त्याआधीचा. पण एका मुलाने स्वतःच खडूने तिथे रेघ मारून दाखवली. पावसाच्या बाजूच्या भिंतीवरचं दुसरं चित्र पोपडे धरून गेलं होतं. तुम्ही नकाशा काढणार असाल तर भिंत आतल्या बाजूची निवडा, आणि उरलेला रंग शाळेतच ठेवून या.

बेनीहून गलेश्वर, तिथून बांसखर्क करत चढण. जीपही मिळते, पण पाय धड असतील तर चालाच. नांगीला पोहोचलो तेव्हा ढग उतरले होते, धौलागिरीचा पत्ता नव्हता. मे महिन्यात हे चालायचंच. पहाटे उठा.

नांगीची गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. महावीर पुन हे गावचेच. अमेरिकेत नेब्रास्काला शिकून ते परतले आणि हिमांचल शाळेच्या उभारणीत पडले. ऑस्ट्रेलियातल्या विद्यार्थ्यांनी जुने संगणक दिले, पुढे सुटे भाग लाकडी खोक्यांत बसवून आणखी तयार झाले, वीज ओढ्यावरच्या छोट्या जनित्रातून. इंटरनेट काही येईना. २००१ मध्ये त्यांनी बीबीसीला पत्र लिहून विचारलं, काय करू? वर्षभरात युरोप-अमेरिकेतले स्वयंसेवक मदतीला आले. टीव्हीच्या तबकड्या झाडांवर चढवून नांगी आणि शेजारचं ‘रामचे’ नावाचं गाव बिनतारी जोडलं गेलं. २००३ पर्यंत गाव ऑनलाइन. २००७ मध्ये पुन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच: मागणी गावाची होती, पाहुणे हात लावायला आले. ग्रंथालयवाल्या शाळेत नेमकं हेच झालं नसावं.

गावात लोक्ता नावाच्या झुडपाच्या सालीपासून हातकागद करण्याचा उद्योगही झाला आहे. वरचा मोहरे डांडा हा डोंगरमाथा साधारण ३,३०० मीटरवर. तिथल्या सामुदायिक लॉजचं उत्पन्न गावांच्या शाळांकडे वळतं. तेव्हा राहायचंच तर अशा ठिकाणी राहा. देणगीच्या पेटीपेक्षा हे बरं.

जाणाऱ्यांसाठी थोडं: भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने गेलात तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवंच. सोबत इतर देशांचे मित्र असतील तर त्यांना सांगा, पर्यटक व्हिसावर बिनपगारी शिकवणंही तिथे चालत नाही. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १.६०. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. घोरेपाणीकडून उतरणार असाल तर अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना आधीच काढा. पाट्या वाचता येतात म्हणून फार हुरळू नका, फळ्यावरच्या तारखेचं साल विक्रम संवताचं, ते आपल्यापुढे सत्तावन्न वर्षं धावत असतं.

शाळेत गेल्यावर खाऊ आणि वह्या वाटत सुटण्याआधी मुख्याध्यापकांशी बसा. मी परतताना त्या कुलूपवाल्या शाळेत पुन्हा थांबलो, आणि तोपर्यंत शिकलेलं एक वाक्य वापरलं: साँचो कोसँग छ? किल्ली कोणाकडे आहे? शिपाईदाजू हसले आणि म्हणाले, नवी करायला बेनीला पाठवली आहे.