पैसा फुटबॉलचा, प्रवास व्हॉलीबॉलच्या पोरींचा

४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. त्या एका दिवसात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ या कॉलेज कॉन्फरन्समधून, म्हणजे विद्यापीठांच्या खेळांच्या लीगमधून, पाच विद्यापीठांनी बाहेर पडायचा निर्णय जाहीर केला. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सकडे, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ या तिसरीकडे. कोलोरॅडोने आठवडाभर आधीच निरोप घेतला होता आणि लॉस एंजेलिसची यूसीएलए आणि यूएससी ही दोन वजनदार विद्यापीठं त्याच्या आदल्या वर्षी. १९१५ साली सुरू झालेल्या घराण्यात चार जण उरले: स्टॅनफर्ड, बर्कलीचं कॅल, वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट.

त्या ओरेगन स्टेटमध्ये, कोर्व्हालिस नावाच्या छोट्या गावात, माझी भाची तेव्हा एमएस करत होती. तिचा फोन आला. "मावशी, आमच्या युनिव्हर्सिटीला कोणीच घेऊन नाही राहिलं. इथे सगळे असे बसले आहेत जसं घरात कोणी गेलं." मग म्हणाली, "तू हिशेबवाली पण आहेस आणि खेळलेली पण. मला नीट समजावून सांग, हे झालं काय?"

तेव्हापासून मी या विषयामागे लागले आहे. नोकरी आयुष्यभर लेखा विभागात केली, आणि त्याआधी नागपूर विद्यापीठाकडून व्हॉलीबॉल खेळले. कलर होल्डरचा तो ब्लेझर अजून धंतोलीच्या घरी कपाटात आहे. दोन्ही बाजूंनी मला या प्रकरणाचं फार लागतं.

आधी थोडक्यात रचना, कारण आपल्याकडे असं काही नाही. आपल्याकडे कॉलेज ज्या विद्यापीठाला संलग्न, त्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळतं, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथे प्रत्येक विद्यापीठ दहा-बारा किंवा आता अठरापर्यंत सदस्यांच्या एका कॉन्फरन्सचं सभासद असतं. वर्षभराचे सामने मुख्यतः तिथेच. आणि ती कॉन्फरन्सच सगळ्यांच्या वतीने टीव्हीचे हक्क विकते आणि पैसा वाटते. हा पैसा मुख्यतः फुटबॉलचा, म्हणजे त्यांच्या अमेरिकन फुटबॉलचा. बिग टेनने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा करार केला, ७०० कोटी डॉलरहून जास्त रकमेचा. पॅक-१२ चा जुना करार २०२४ ला संपत होता आणि नवीन म्हणून हातात आली ती ॲपलची ऑफर, तीही किती लोक वर्गणी भरतात यावर बरीचशी अवलंबून. हमीचा पैसा एकीकडे, आशेचा दुसरीकडे. कुठलाही लेखापाल काय सल्ला देईल ते उघड आहे.

पण गेलेल्यांना काय दरात प्रवेश मिळाला, ते पाहा. ओरेगन आणि वॉशिंग्टनला पहिल्या वर्षी ३ कोटी डॉलर, पुढे दरवर्षी १० लाखांची वाढ. जुन्या सदस्यांच्या वाट्याच्या साधारण निम्मे. स्टॅनफर्ड आणि कॅल शेवटी अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसीमध्ये गेले, तेही पहिली सात वर्षं तीस टक्के वाट्यावर. टेक्सासमधल्या एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीचा एक डॉलरही घेणार नाही असं लिहून दिलं आणि देणगीदारांकडून आठवडाभरात १० कोटी डॉलर उभे केले. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ८५० कोटी रुपये, फक्त दारातून आत येण्यासाठी.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. कॉन्फरन्स बदलून तूट भरून निघते, हे ज्या गृहीतकावर सगळे पळत आहेत, ते मला आकड्यांत दिसत नाही.

यूसीएलएच्या क्रीडा विभागाची तूट जून २०२१ ला संपलेल्या वर्षात ६.२५ कोटी डॉलर होती. कोविडचं वर्ष होतं, मान्य. पण पुढेही ती गेली नाही. २०२३-२४ मध्ये ५.१८ कोटी. हा खड्डा बुजवायलाच बिग टेन. पण कॉलेजच्या क्रीडा विभागाचा खर्च कसा ठरतो? कंपनीत नफा मालकाच्या खिशात जातो, म्हणून मालक खर्चावर नजर ठेवतो. इथे मालकच नाही. आलेला प्रत्येक डॉलर प्रतिस्पर्ध्याला हरवण्यासाठी खर्च होतो, म्हणजे खर्च किती करायचा हे समोरचा संघ ठरवतो. काल समोर ॲरिझोना आणि युटा होते. आज ओहायो स्टेट आणि मिशिगन आहेत. त्यांच्या प्रशिक्षकांचे पगार, त्यांच्या व्यायामशाळा, त्यांचा सपोर्ट स्टाफ, हे आता तुमचं मोजमाप झालं. उत्पन्न एका पायरीने वाढलं आणि ज्यांच्याशी बरोबरी करायची ते दोन पायऱ्या वर. त्यात जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, पहिल्या वर्षी २.०५ कोटी डॉलरपर्यंत. खेळाडूला त्याच्या कमाईतला वाटा मिळावा हे मला पूर्ण मान्य आहे. पण नवा टीव्हीचा पैसा जुनी तूट फेडेल ही आशा तिथेच मावळते.

न्यू जर्सीचं रटगर्स विद्यापीठ २०१४ ला बिग टेनमध्ये गेलं, तेव्हाही हेच सांगितलं होतं. पुढे कितीतरी वर्षं तिथला क्रीडा विभाग तुटीतच राहिला. मेरीलँड विद्यापीठाची गोष्ट मला जास्त टोचते. पैसे नाहीत म्हणून त्यांनी २०१२ च्या उन्हाळ्यात सात संघ बंद केले. मुलांचं पोहणं, मुलींचं पोहणं, मुलांचं टेनिस, मुलींचं वॉटर पोलो वगैरे. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एसीसी सोडून बिग टेनमध्ये जात असल्याची घोषणा केली. एसीसीने ५.२ कोटी डॉलरहून जास्त एक्झिट फी मागितली, कोर्टकचेऱ्या झाल्या, २०१४ मध्ये ३.१ कोटींच्या वर तडजोड झाली. सात संघ चालवायला पैसा नव्हता. बाहेर पडायला तो निघाला.

कॅलिफोर्नियातली एक गोष्ट मात्र मला फार न्याय्य वाटते. यूसीएलए आणि बर्कलीचं कॅल या एकाच सरकारी विद्यापीठ व्यवस्थेच्या दोन शाखा. वरच्या मंडळाने यूसीएलएला जायची परवानगी दिली, पण अट घातली की तुझ्या जाण्याने भावंडाचं जे नुकसान होईल त्याची भरपाई कर. २०२४ मध्ये ती रक्कम ठरली, वर्षाला १ कोटी डॉलर. निर्णयाची किंमत निर्णय घेणाऱ्यानेच भरायची, हे तत्त्व इतर कुठे दिसलं नाही. ओरेगनने ओरेगन स्टेटसाठी असं काही केलं नाही, वॉशिंग्टननेही वॉशिंग्टन स्टेटसाठी नाही.

आणि आता प्रवास. फुटबॉलचा सामना आठवड्यातून एकदा, बहुतेक शनिवारी, हंगामात बाराच्या आसपास. त्यांना लांब जाणं सोसतं. व्हॉलीबॉलचे हंगामात तीसेक सामने असतात, मधल्या वारी सुद्धा. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीचं रटगर्स त्याहूनही दूर, घड्याळात तीन तासांचा फरक. स्टॅनफर्डच्या मुली पॅसिफिकजवळून निघून अटलांटिककाठी लीगचा सामना खेळतात आणि परत येऊन वर्गात बसतात. आम्ही आंतरविद्यापीठला स्लीपर क्लासने जायचो. डब्यातच अभ्यास, टीए-डीएच्या पैशांत एक वेळ पोटभर आणि एक वेळ भागवून. परत आल्यावर बुडालेल्या प्रॅक्टिकलसाठी सरांच्या मागे फिरायचं. पण ते वर्षातून एखादवेळा. त्या पोरींचं विमान चांगलं असेल, जेवण तर नक्कीच चांगलं असेल. शरीर आणि परीक्षा मात्र तीच असते, आणि ज्या कराराने त्यांना देशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं त्यात व्हॉलीबॉलची किंमत कोणी धरलीच नव्हती.

प्रेक्षक नाहीत म्हणून धरली नाही, असंही कोणी म्हणू नये. त्याच ऑगस्ट २०२३ च्या ३० तारखेला नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये मुलींचा व्हॉलीबॉल सामना पाहायला ९२,००३ लोक आले होते. ती बातमी मी भाचीला पाठवली आणि रात्री उशिरापर्यंत त्याच सामन्याचे व्हिडिओ बघत बसले.

मग हे असं का झालं? १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचे टीव्ही हक्क एनसीएए ही मध्यवर्ती संस्था विकायची आणि कोणाचे किती सामने दिसतील यावर मर्यादा ठेवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी खटला भरला आणि सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी ती पद्धत मक्तेदारी ठरवून मोडली. विरोधात मत देणाऱ्या दोघांतले एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट, स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू. शिक्षणाचा भाग असलेला खेळ निव्वळ धंद्याच्या नियमांनी तोलू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. पुढे त्यांच्याच कोलोरॅडोने २०११ मध्ये बिग १२ सोडून पॅक-१२ गाठली आणि २०२४ मध्ये परत बिग १२. मक्तेदारी मोडणं कायद्याने बरोबर असेलही. पण मोडल्यावर वाटणीची दुसरी कुठलीच व्यवस्था उभी राहिली नाही, आणि जो तो मोठ्या वाट्याकडे धावू लागला.

इथे नागपूरकर म्हणून मला आपलं क्रिकेट आठवतं. विदर्भ राज्याने महाराष्ट्रात, पण क्रिकेटमध्ये वेगळा संघ, आणि दुलीप ट्रॉफीत मध्य विभागात. आपण पश्चिम विभागात गेलो असतो तर जास्त पैसा मिळाला असता का? नाही. कारण हक्क बीसीसीआय एकत्र विकते आणि राज्य संघटनांना वाटते. मुंबईइतका बाजार नागपूरजवळ कधीच नव्हता. तरी जामठ्याचं स्टेडियम उभं राहिलं, अकादमी चालली, आणि २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक विदर्भाने आणला. बीसीसीआयच्या कारभारावर माझ्या शंभर तक्रारी आहेत, पण वाटणीची ही पद्धत मी डोळे झाकून मान्य करेन. ओरेगन स्टेटला अशी एक छत्री असती तर ऑगस्ट २०२३ मध्ये ते रस्त्यावर आले नसते.

त्यांची वेळ तर पाहा. सुमारे १६ कोटी डॉलर खर्चून एक बाजू नव्याने बांधलेलं रेसर हे फुटबॉल स्टेडियम त्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये उघडलं, लीग फुटल्यानंतर साधारण महिनाभराने. भाची पहिल्या सामन्याला गेली होती. लोक ओरडत होते, गात होते, आणि मध्येच कोणीतरी शेजारच्याला विचारायचं, पुढच्या वर्षी आपण कोणाशी खेळणार?

ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट या उरलेल्या दोघांनी लढा दिला, हे त्यांचं श्रेय. कोर्टाने कॉन्फरन्सचा ताबा त्यांना दिला. गेलेल्या दहांकडून प्रत्येकी ६५ लाख, म्हणजे एकूण ६.५ कोटी डॉलर त्यांच्या बाजूला राहिले. २०२४ चा फुटबॉल हंगाम भरायला त्यांनी माउंटन वेस्ट कॉन्फरन्सला १.४ कोटी डॉलर मोजले. तिकडे २०२४ मध्ये देशातल्या शेवटच्या आठात पोचलेल्या ओरेगन स्टेटच्या मुलींच्या बास्केटबॉल संघातल्या बहुतेक मुख्य खेळाडू दुसरीकडे निघून गेल्या. तरी उरलेल्यांनी आणि नव्यांनी पुढच्याच मार्चमध्ये, तात्पुरता आसरा मिळालेल्या वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सचं विजेतेपद जिंकून राष्ट्रीय स्पर्धा गाठली. बेसबॉल संघ २०२५ मध्ये कुठल्याच कॉन्फरन्सशिवाय वर्षभर गावोगाव खेळत राहिला आणि थेट ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सीरिजला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्याला, पोचला. भाचीने त्या रात्री मला व्हिडिओ कॉलवर जागं ठेवलं होतं. दोघी रडलो.

पण मग याच दोघांनी सप्टेंबर २०२४ मध्ये पॅक-१२ परत उभारायला माउंटन वेस्टमधूनच विद्यापीठं ओढली: बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन दिएगो स्टेट, युटा स्टेट. १.४ कोटींच्या त्या सामन्यांच्या करारातच आमचे सदस्य पळवले तर दंड अशी अट होती. पाच सदस्यांचे ५.५ कोटी डॉलर झाले. तो दंडच बेकायदा आहे म्हणून पॅक-१२ कोर्टात गेली. ज्यांच्यासाठी माझा जीव तुटत होता त्यांनीच दुसऱ्यांचं घर फोडलं, याचं मला खरंच वाईट वाटलं. भाचीशी यावरून वाद झाला. तिचं म्हणणं, "मावशी, मग काय बंद करायचं का सगळं?" तिच्या जागी तिचं बरोबर आहे. व्यवस्थाच अशी आहे की उभं राहायचं तर कोणाच्या तरी खांद्यावर पाय देऊनच.

उपाय तिथल्याच लोकांनी सुचवलेला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये यूसीएलएचे तेव्हाचे फुटबॉल प्रशिक्षक चिप केली यांनी जाहीरपणे सांगितलं की फुटबॉल वेगळा काढा, आणि बाकीचे खेळ आपापल्या भागातल्या जुन्या लीगमध्ये खेळू द्या. फुटबॉलचाच माणूस हे बोलतोय म्हणून मला त्याचं महत्त्व वाटतं. फुटबॉलचे हक्क देशभर एकत्र विका, त्यातला ठरलेला हिस्सा इतर खेळांसाठी राखून ठेवा आणि व्हॉलीबॉलच्या, पोहण्याच्या, टेनिसच्या पोरींना बसने जाता येईल एवढ्या अंतरावर खेळू द्या. हिशेब जमतो. मी कागदावर मांडून पाहिला आहे. एकट्या प्रवासाचा खर्चच किती उतरतो.

नव्या पॅक-१२ च्या सुरुवातीची तारीख १ जुलै २०२६. त्यात गोन्झागा आहे, फुटबॉल न खेळणारं, आणि टेक्सास स्टेटही आहे. म्हणजे कोर्व्हालिसच्या संघांना आता टेक्सासलाही जावं लागणार. भाचीला मी सांगून ठेवलं आहे, फुटबॉलचं वेळापत्रक नंतर पाठव, आधी व्हॉलीबॉलचं पाठव. मला मधल्या वारांच्या तारखा बघायच्या आहेत.