रिकामा संघ निवडताना

बेसबॉलच्या ज्या ऑनलाइन सिम्युलेशन लीगच्या प्रतीक्षायादीत मी बरेच दिवस होतो, तिच्यात नुकत्याच संपलेल्या हंगामानंतर तीन संघ एकदम रिकामे, म्हणजे मॅनेजरविना झाले, आणि यादीत माझे नाव वर असल्यामुळे लीग चालवणाऱ्या कमिशनरने निवडीचा पहिला हक्क मला दिला. बोस्टन, डेन्व्हर आणि मिलवॉकी यांतून एक घ्यायचा होता. उत्तर आठवड्याभरात हवे होते. मी शेवटी मिलवॉकी घेतला, आणि तो का घेतला हे सविस्तर लिहून ठेवावेसे वाटते, कारण अशा वेळी बहुतेक जण गुणतक्ता उघडतात आणि तिथेच थांबतात.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आम्ही ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ वापरतो, जो १९९९ साली पहिल्यांदा आला. यात चेंडू टोलवण्यासाठी बटणे दाबायची नसतात. खेळाडूंचे करार, ट्रेड (संघांमधली अदलाबदल), ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड), दुय्यम लीगमधली मुले आणि रोजचा क्रम हे सगळे आपण ठरवायचे आणि सामने संगणकाने खेळवायचे. ऑनलाइन लीगमध्ये तिसांपैकी प्रत्येक संघामागे एक खराखुरा माणूस असतो, तो आपले निर्णय ठरलेल्या वेळेआधी एक्स्पोर्ट करून पाठवतो आणि कमिशनर पुढचे काही दिवस एका दमात खेळवतो; यालाच सिम म्हणतात. आमचे सिम न्यूयॉर्कच्या रात्री दहाला होते, म्हणजे उन्हाळ्यात आमच्या रत्नागिरीच्या सकाळी साडेसातला आणि तिकडची घड्याळे मागे गेली की साडेआठला. खेळाडू सगळे संगणकाने निर्माण केलेले आहेत. शहरे आणि मैदाने मात्र खरी आहेत.

बोस्टन पाहून कोणाचेही मन चळले असते. संघ गेल्या हंगामात प्लेऑफला गेलेला, बाजारपेठ मोठी, चाहत्यांचा उत्साह वरच्या टोकाला आणि मालकाने दिलेला पैसा भरपूर. पावसला राहणारे माझे मामा आंब्याच्या बागा कराराने घेतात. त्यांना मी सहज म्हणून हा सगळा प्रकार सांगितला, तेव्हा बेसबॉल म्हणजे काय हे न विचारता ते म्हणाले, “अरे, यंदाचा मोहर काय बघतोस? आधीच्यानं कल्टार किती घातलंन, ते विचार.” बागायतदारांना हे वेगळे सांगायला नको. करार संपत आला की काही जण झाडाला कल्टार या मोहर आणणाऱ्या औषधाची मात्रा वाढवून देतात, त्या वर्षी फांदी न् फांदी लगडते, आणि पुढच्या माणसाच्या वाट्याला थकलेले झाड येते.

बोस्टनच्या करारांचे पान उघडले आणि कल्टार दिसले. पहिल्या बेसवरचा खेळाडू चौतिशीचा, त्याच्या कराराची पाच वर्षे शिल्लक आणि शेवटच्या वर्षांत पगार चढता. डाव्या फील्डमधला त्याहून वयस्क, आणि त्याच्या करारात ट्रेड नाकारण्याचा हक्क. चाळीस जणांच्या यादीत पंचविशीच्या आतले कोणी जवळजवळ नव्हतेच. आमच्या लीगमध्ये ड्राफ्टमधले हक्कही ट्रेड करता येतात, आणि पुढच्या ड्राफ्टमधले पहिल्या दोन फेऱ्यांचे हक्क आधीच्या मॅनेजरने प्लेऑफच्या धावपळीत देऊन टाकलेले होते. हे सगळे करून तो राजीनामा देऊन मोकळा झाला.

आयपीएल पाहणाऱ्या माणसाला या पानाची भीती लगेच जाणवत नाही, कारण तिथे प्रत्येक संघाच्या खर्चाला सारखीच मर्यादा असते आणि मोठा लिलाव आला की पाटी बरीचशी कोरी होते. अमेरिकन बेसबॉलमध्ये पगारावर पक्की कमाल मर्यादा नाही, ठरावीक रकमेपुढे कर तेवढा लागतो, आणि करारातले पैसे खेळाडू खेळो न खेळो द्यावेच लागतात. खऱ्या बेसबॉलमधले ठळक उदाहरण अल्बर्ट पुहोल्सचे आहे. एंजल्स या संघाने २०११ च्या डिसेंबरमध्ये त्याच्याशी दहा वर्षांचा २४ कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा तो बत्तिशीला आला होता. करार पुरा होण्याआधीच, २०२१ च्या मे महिन्यात, त्यांनी त्याला मोकळे केले. त्या सगळ्या काळात माइक ट्राउटसारखा खेळाडू संघात असूनही एंजल्स प्लेऑफला गेले ते फक्त २०१४ मध्ये. सिम्युलेशनमध्येही वय असेच वसूल होते.

डेन्व्हरचा मोह दुसऱ्या जातीचा होता. लीगमधला सर्वात वाईट संघ, त्यामुळे ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक, आणि शून्यातून उभारणी करण्याची हौस. असा संघ घेणारे ह्यूस्टनचा दाखला देतात: २०११ मध्ये १०६ पराभव, २०१२ मध्ये १०७, २०१३ मध्ये १११, आणि २०१७ मध्ये विजेतेपद. (त्या विजेतेपदाला पुढे इशारे चोरल्याचा डाग लागला, ते सोडून देऊ.) मला हा दाखला अर्धवट वाटतो. २०१२ ते २०१४ अशी तीन वर्षे ह्यूस्टनकडे ड्राफ्टची पहिली निवड होती. त्यांतला कार्लोस कोरेया फळला. मार्क अपेल ह्यूस्टनकडून मुख्य लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. ब्रॅडी एकेनशी करारच झाला नाही. उलट होसे अल्तुवे, डॅलस कायकल आणि जॉर्ज स्प्रिंगर हे तिघेही पराभवांची ती रांग संपण्याच्या कितीतरी आधी संघटनेत आलेले होते. म्हणजे पाहायचे ते तळाला असण्याकडे नव्हे. तळाला असताना घरात काय पडून आहे याकडे. डेन्व्हरच्या घरात फारसे काही नव्हते.

शिवाय तिथले आकडे वाचणे कठीण. मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फुटांवर, हवा विरळ, चेंडू लांब जातो आणि वळतो कमी. त्यामुळे बॅटर आहेत त्याहून चांगले आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, आहेत त्याहून वाईट दिसतात. २००२ पासून तिथे चेंडू दमट कपाटात ठेवतात, म्हणजे ते सुकून टणक होऊ नयेत. (जून ते सप्टेंबर ज्याच्या घरात चपलांनाही बुरशी येते, त्याला हे वाचून गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.) मैदानाचा परिणाम खेळात धरलेला असतो, म्हणून त्या संघातल्या कोणाचेही आकडे तसेच्या तसे घेता येत नाहीत.

आता मिलवॉकी. १६२ सामन्यांत ७२ विजय, म्हणजे नजरेत न भरणारा संघ. पण त्याने ६९० धावा केल्या होत्या आणि ७०५ दिल्या होत्या. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांच्या प्रसिद्ध सूत्राप्रमाणे, केलेल्या धावांच्या वर्गाला दोन्ही वर्गांच्या बेरजेने भागले तर विजयांचे अपेक्षित प्रमाण मिळते. ते इथे ०.४८९ येते, म्हणजे सुमारे ७९ विजय. हे सात विजय कुठे गेले म्हणून निकाल चाळले, तर एका धावेने हरलेले सामने ढीगभर निघाले. त्यातला काही भाग दुर्दैवाचा, पण बराचसा शेवटच्या डावांत येणाऱ्या रिलीफ पिचरचा. संघाचे दुखणे असे बोट ठेवून दाखवता येत असेल तर मला तो संघ आवडतो, आणि रिलीफ पिचर ही बाजारात सर्वात स्वस्तात मिळणारी वस्तू आहे.

दुसरे कारण ट्रिपल-ए मधला, म्हणजे मुख्य लीगच्या लगेच खालच्या पातळीवरचा, एक तेवीस वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक). स्काउट लोक खेळाडूला २० ते ८० या मापात जोखतात आणि ५० म्हणजे मुख्य लीगची सरासरी. याची बॅटिंग ४० वर अडकलेली, म्हणून आधीच्या मॅनेजरने त्याला वर आणलेच नव्हते. पण क्षेत्ररक्षण ७०, आणि त्याच्या जागी जो खेळत होता त्याचे ४५. शॉर्टस्टॉपकडे चेंडू इतके येतात की हा फरक हंगामभरात पिचरांच्या आकड्यांत उतरतो. त्यात मुख्य लीगमध्ये सहा वर्षांची सेवा झाल्याशिवाय खेळाडू स्वतंत्र होत नाही, आणि पहिली तीन वर्षे साधारण किमान पगारावरच निघतात. हे आकडे सर्वांना सारखे दिसणाऱ्या सामायिक मूल्यांकनातले आहेत, संघ हाती आल्यावर माझा स्काउट वेगळे सांगू शकतो, एवढी जोखीम मी धरून चाललो आहे.

गटातल्या चार प्रतिस्पर्ध्यांचे जुने ट्रेडही वाचून काढले. २०२३ पासून खऱ्या वेळापत्रकात प्रत्येकाशी १३ सामने असतात आणि आमची लीग तेच वापरते, म्हणजे ५२ सामने याच चौघांशी. त्यांतले दोघे दर जुलैमध्ये तरुण मुले देऊन म्हातारे घेतात. शेजारी असे असणे सोयीचे.

एक कारण निव्वळ आमच्या गावचे आहे. पावसाळ्यात वारा सुटला की वीज जाते, कधी रात्रभर येत नाही, टॉवरही बंद पडतो आणि एक्स्पोर्ट राहून जातो. तेव्हा संगणक जुन्याच क्रमाने संघ चालवतो. बोस्टनसारखा दुखापतींनी वाकलेला संघ असला तर एवढ्यात घोटाळा होतो. मिलवॉकीत प्रत्येक जागेला बरा पर्याय आहे.

नाव जाहीर झाले त्याच संध्याकाळी पहिला ट्रेडचा प्रस्ताव आला: शॉर्टस्टॉप द्या, दोन अनुभवी आउटफील्डर घ्या. नवीन माणूस दिसला की हे चालतेच. मी आभार मानून नाही म्हटले. सध्या डोक्यात रूल ५ ड्राफ्ट आहे, ज्यात चाळीसच्या यादीबाहेर राहिलेले खेळाडू दुसऱ्या संघांना उचलता येतात. त्याआधी चाळीस जणांची यादी द्यायची आहे, तीत एकच जागा मोकळी आहे, आणि डबल-ए मधला एक डावखुरा रिलीफ पिचर व एक कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) यांतला एकच वाचवता येईल. कॅचर बाहेर ठेवला तर बोस्टनचा नवा मॅनेजर त्याला उचलेल अशी मला शंका आहे, कारण त्याच्याकडे कॅचर नाही. तरीही आज रात्री मी पिचरचेच नाव घालणार आहे.