आमची वाटचाल : छोट्या लेथवरची दोन वर्षं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथचा, म्हणजे धातूचा तुकडा गोल फिरवत कापणाऱ्या यंत्राचा, आवाज लहानपणापासून कानावर होता. हँडल मात्र हातात आलं ते तिशीनंतर. एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून छोटा लेथ आणला आणि घराच्या पडवीत बसवला. बुश, पिना अशा छोट्या गोल भागांचं किरकोळ काम मिळू लागलं.

पहिली मोठी ऑर्डर पन्नास पिनांची, २० मिमी व्यासाच्या. चकाजवळ, म्हणजे पिन पकडणाऱ्या जबड्याजवळ, माप बरोबर यायचं आणि मोकळ्या टोकाला पिन जाड भरायची. मशीनच खराब, असं ठरवून मी मोठ्या लेथसाठी कर्जाची चौकशीही करून आलो. शेजारी एक निवृत्त टर्नर (लेथवरचे कारागीर) राहायचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पाहिला आणि विचारलं, "चकाबाहेर किती काढलीयास?" १२० मिमी. व्यासाच्या सहापट! टूलच्या, म्हणजे कापणाऱ्या हत्याराच्या, दाबानं मोकळं टोक मागं सरत होतं. समोरच्या टेलस्टॉकचं टोकदार सेंटर तिथं टेकवल्यावर फरक जवळजवळ गेला. कर्जाचे कागद मी बाजूला ठेवले.

मग काकांनी मला हाय-स्पीड स्टीलचं टूल ग्राइंडरवर घासायला बसवलं. किती टूलं वाया गेली, हिशेब नाही. टूलची उंची बघायची त्यांची युक्ती आजही वापरतो : गोल जॉब आणि टूलचं टोक यांत स्टीलची पट्टी अलगद दाबून धरायची. पट्टीचं वरचं टोक आपल्याकडं झुकलं तर टूल जॉबच्या मध्यरेषेखाली, पलीकडं झुकलं तर वर. खाली असेल तर हॅक्सॉच्या तुटक्या ब्लेडचा तुकडा टूलखाली सारायचा. स्पीडही अंदाजानं ठेवणं बंद झालं. या टूलनं २५ मिमीचा माइल्ड स्टीलचा बार मिनिटाला ३० मीटरनं कापायचा, तर मिनिटाला साधारण ३८० फेरे लागतात.

एवढं जमल्यावर उरलेले दोष खरोखर मशीनचे होते. चक फिरवणाऱ्या दांड्याला, स्पिंडलला, ढिलेपणा होता, आणि जाड कट घेतला की लेथ थरथरायचा.

दोन वर्षांनी जुना साडेचार फुटी लेथ बघायला निघालो, तेव्हा काय तपासायचं ते माहीत होतं. बेड, म्हणजे लेथचा खालचा लांब पाया, बहुधा चकाजवळ झिजतो, कारण बहुतेक काम तिथंच होतं. तिथं कॅरेजचा, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाचा, ढिलेपणा काढून ती टेलस्टॉककडं नेली, की झिजलेल्या बेडवर ती जाम होते. दोन मशीन अशी नाकारली. तिसऱ्याची कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी फिरली. काकांनी हँडल स्वतः फिरवून पाहिलं, मान हलवली, आणि मी तिथंच इसार दिला.