डॉ. बिल फ्रिस्ट : शल्यचिकित्सकाची लांब वाट

डॉक्टरने राजकारणात पडू नये, आणि गुंतवणुकीच्या धंद्यात तर मुळीच जाऊ नये, असे आमच्या कुडाळ-मालवण भागात सर्रास म्हटले जाते. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील डॉ. बिल फ्रिस्ट यांनी या दोन्ही गोष्टी केल्या. त्यांची कारकीर्द वाचताना मला वाटत राहिले की प्रश्न क्षेत्र बदलण्याचा नाहीच. रुग्णाशी असलेला संबंध कुठे टिकला आणि कुठे तुटला, हे पाहायला हवे.

1952 साली नॅशव्हिलमध्ये जन्मलेल्या फ्रिस्ट यांचे वडील व थोरले भाऊ दोघेही डॉक्टर. 1968 मध्ये हॉस्पिटल कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका ही रुग्णालये चालवणारी कंपनी स्थापन करणाऱ्यांत हे दोघे होते. स्वतः बिल फ्रिस्ट यांनी या क्षेत्रातील अग्रणी शल्यचिकित्सक नॉर्मन शमवे यांच्या हाताखाली हृदयप्रत्यारोपणाचे शिक्षण घेतले आणि पुढे व्हँडरबिल्ट विद्यापीठात प्रत्यारोपण केंद्र उभे केले. दात्याचे हृदय थंड द्रावात, बर्फाच्या पेटीत ठेवले तरी सुमारे चार तासांत दुसऱ्या छातीत धडधडू लागावे लागते. त्यामुळे हे काम करणाऱ्याला हाताच्या कौशल्याइतकीच वाहतूक, माणसे आणि वेळ यांची चोख व्यवस्था लावता यावी लागते, आणि पुढच्या आयुष्यात हीच शिस्त त्यांच्या उपयोगी पडली असावी.

1994 मध्ये ते सिनेटवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, निवडून आले, 2003 मध्ये बहुमतातील पक्षाचे नेते झाले आणि दोनच कार्यकाळ राहण्याचा शब्द पाळून 2007 मध्ये बाहेर पडले. सिनेटर असतानाही ते सुदानमध्ये जाऊन शस्त्रक्रिया करत. 2003 मध्ये एड्सविरोधी मदतीसाठी पाच वर्षांत 15 अब्ज डॉलर देणारा कायदा झाला, तेव्हा त्यामागे उभ्या राहिलेल्या या नेत्याने आफ्रिकेतले रुग्ण स्वतः तपासलेले होते, ही बाब मला फार मोलाची वाटते. याउलट 2005 मध्ये, जिची अन्ननळी काढावी की नाही यावर देशभर वाद चालू होता त्या टेरी शायव्हो या बेशुद्धावस्थेतील महिलेची चित्रफीत पाहून त्यांनी सिनेटमध्ये तिच्या निदानाविषयी शंका घेतली. तिच्या शवविच्छेदनात मेंदूची हानी भरून न येणारी होती, हे स्पष्ट झाले. न तपासलेल्या रुग्णाविषयी डॉक्टरने बोलू नये, हा साधा नियम तिथे मोडला गेला.

पुढे ते आरोग्यक्षेत्रात पैसे गुंतवणाऱ्या एका कंपनीत भागीदार झाले, जागतिक आरोग्यासाठी झटणाऱ्या संस्थेचे काम त्यांनी चालवले, आणि नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेच्या जागतिक मंडळाचे अध्यक्षपदही सांभाळले. या सगळ्यात मला अधिक जवळची वाटते ती 2013 मध्ये त्यांच्या सहभागाने सुरू झालेली अस्पायर हेल्थ. गंभीर आजाराच्या रुग्णाला घरीच वेदनाशामक उपचार देणारी ही कंपनी पुढे एका मोठ्या विमा कंपनीने विकत घेतली.

माझ्या आत्याला कर्करोगाच्या अखेरच्या दिवसांत वेदना वाढल्या की रात्रीच गाडी करून गोव्याला न्यावे लागे. मागच्या सीटवर उशी पोटाशी आवळून धरलेली ती दर खड्ड्याला डोळे मिटून घेई, आणि पोहोचल्यावर मिळे ते एक इंजेक्शन, जे प्रशिक्षित परिचारिकेला घरीही देता आले असते.

अस्पायरचे गणित मात्र इथे जसेच्या तसे बसणार नाही. रुग्णालयातील भरती टळली की तिथे विमा कंपनीचा खर्च वाचतो, म्हणून ती घरच्या सेवेचे पैसे देते; आपल्याकडे बराचसा खर्च घरच्यांच्याच खिशातून होतो. आपल्याच किनाऱ्यावरच्या केरळने 2008 मध्ये यासाठी धोरण आखून ही सेवा स्थानिक स्वराज्य संस्थांशी जोडली. मुलगे मुंबईला आणि म्हातारी माणसे वाडीत, अशी घरे असलेल्या सिंधुदुर्गात ग्रामपंचायतीच्या आधाराने फिरती परिचारिका ठेवणे हाच मला अधिक शक्य मार्ग दिसतो.